कमाटीबागेची तरसाली शाखा

धैर्यशील जगतापला बडोद्यात आर्किटेक्ट म्हणून ओळखणारे लोक होते, मानणारे फारसे नव्हते. रावपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावर त्याचं ऑफिस होतं. घराण्यात पणजोबांपासून सगळे सरकारी फौजेतले, भिंतीवर तलवार टांगलेली. आणि हा मुलगा बिल्डरांच्या दुकानांच्या रांगा नि त्यांच्या मागचे संडास काढत बसलेला. बिल्डर म्हणायचा, 'जगतापभाई, जिना जरा बारीक करा ने, एक दुकान जास्ती बसेल.' जगतापभाई जिना बारीक करायचे. असे कितीतरी बारीक जिने बडोद्यात आहेत, आणि लोक रोज त्यांवर एकमेकांना अंग चोरून वाट देतात.

मनासारखं घर त्यानं तोवर एकच बांधलं होतं. तरसालीतलं, गोविंदराव दिघ्यांचं.

गोविंदराव शाळेत भूगोल शिकवायचे. धैर्यशीलला सहावीत त्यांनी नकाशा काढायला शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर तरसालीत छोटा प्लॉट घेतला तेव्हा थेट त्याच्याच ऑफिसात आले. तेव्हा त्याला धंद्यात पडून जेमतेम वर्ष झालं होतं. ते म्हणाले, "खोल्या तू म्हणशील तशा. रंग तू म्हणशील तो. मला फक्त ओटला दे. आयुष्य दांडिया बाजारात तिसऱ्या माळ्यावर गेलं. आता मला रस्त्यावरच्या माणसाशी बसल्या बसल्या बोलायचंय."

ओटला हा शब्द बडोद्याबाहेरच्या मराठी माणसाला समजावून सांगावा लागतो. पुण्याकडच्या माणसाला घरातला ओटा म्हटलं की स्वयंपाकघर आठवतं. आमच्याकडे ओट्यावर गॅस असतो आणि ओटल्यावर माणूस असतो. घराच्या पुढ्यातलं बसायचं दगडी ठाणं, रस्त्याला लागून. येणाराजाणारा टेकतो, दोन शब्द बोलतो, 'आवजो' म्हणून उठतो. धैर्यशीलनं तो ओटला असा काही काढला, की घर ओटल्यासाठी बांधलंय असंच वाटावं. कठडा नाही, खांब एकच, वर पुढे आलेलं छप्पर. वास्तुशांतीला गोविंदरावांनी जेवायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं, "हा आमचा धैर्यशील. घरचाच आहे." त्यांची मुलगी भक्ती तेव्हापासून त्याला धैर्यशीलदादा म्हणू लागली.

पुढे घरोघरी इंटरनेट आलं आणि धैर्यशीलला माणसं मिळाली. देशोदेशी विखुरलेल्या मराठी आर्किटेक्टांनी एक वेबसाइट काढली होती. आपापली कामं टाकायची, एकमेकांची उखाळीपाखाळी काढायची, मदत लागली तर मागायची. नाव ठरत नव्हतं. पुणेकर 'कट्टा' म्हणून हटून बसले होते. धैर्यशीलनं दिघ्यांच्या घराचे फोटो टाकले आणि खाली लिहिलं, नाव 'ओटला' ठेवा. "ओट्यावर बसल्यास पुण्यात चटका बसतो," अशी थट्टा झाली. पण फोटो सगळ्यांना भावले आणि नाव ओटलाच पडलं. त्या दिवशी धैर्यशील घरी जाताना गाडीवर एकटाच हसत होता.

तिथे त्याला सगळे बडोदेकर म्हणत. नागपूरची निरुपमा जिन्याच्या बाबतीत पक्की होती. तिनं त्याचे दोन जिने रुंद करायला लावले, आणि बिल्डरशी भांडायचं कसं तेही शिकवलं. मस्कतचा विहंग त्याच्या तुळया तपासून द्यायचा आणि वर 'काका, लोखंड वाचवू नका' असं लिहायचा. धैर्यशीलची आई गेली तेव्हा एकालाही प्रत्यक्ष पाहिलेलं नसताना सगळ्यांचे फोन आले. हे सगळं खरं होतं. माणूस पुढं जे वागला ते असल्या चांगल्या संगतीत वागला, म्हणून हे आधी सांगायचं.

त्या ओटल्यावर शुक्रवारी एक गंमत चालायची. तिचं नाव 'हे काय करून ठेवलंत'. आपण नाजूक हातानं घडवलेल्या घराचं मालकानं काय केलं, त्याचे फोटो टाकायचे. संगमरवराला फासलेला गुलाबी ऑइलपेंट, अंगणात उगवलेली पाण्याची टाकी, खिडकीतून बाहेर आलेला कूलर. सगळे हसायचे. आर्किटेक्ट लोकांना घर बांधून झाल्यावर त्यात माणसं राहायला येतात याचा थोडा रागच असतो.

धैर्यशीलकडे टाकण्यासारखं काही नव्हतं. दुकानांच्या रांगा बिघडवायच्या म्हटल्या तरी किती बिघडवणार! आणि मग एका दुपारी मकरपुऱ्याची साइट उरकून येताना त्यानं सहज गाडी तरसालीत वळवली.

ओटला जाळीत होता. खालपासून छपरापर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, चौकटीचौकटीची लोखंडी जाळी, वर चकचकीत चंदेरी रंग. दाराला बाहेरून कडी.

 ज्या माणसानं ओटला मागून घेतला त्यानंच तो कोंडला! धैर्यशील रस्त्याच्या पलीकडे थांबला. आत जावं, विचारावं, असं मनात आलं नाही असं नाही. पण दोन वर्षांत तो दिवाळीलाही तिकडे फिरकला नव्हता, आता कुठल्या तोंडानं जाणार? आणि रागही होताच. त्यानं गाडीवर बसल्या बसल्या कॅमेरा काढला, फोटो घेतला आणि निघून आला.

घरी कंप्युटरवर फोटो मोठा करून पाहिला तेव्हा त्याला दिसलं की जाळीच्या मागे गोविंदराव उभे आहेत. अंगात बंडी, दाढी वाढलेली, दोन्ही हातांनी जाळी धरलेली. चेहरा सावलीत होता. त्या बाजूचा फोटो कापून टाकणं सोपं होतं. त्यानं कापायची रेघ त्यांच्या खांद्यापर्यंत आणलीही. मग थांबला. नुसती जाळी काय, कुणाच्याही घराला असते. माणसासकट ती जास्त हसू आणणारी होती. त्यानं रेघ मागे घेतली आणि खाली लिहिलं: कमाटीबागेची तरसाली शाखा. तिकीट पाच रुपये.

बडोद्यात कमाटीबाग म्हणजे प्राण्यांचे पिंजरे, हे बाहेरच्यांनाही तो आधीच सांगून बसला होता. उत्तरांची रीघ लागली. विहंगनं विचारलं, केळी चालतात का? निरुपमानं लिहिलं, कृपया दाणे टाकू नयेत. कुणीतरी म्हणालं, बडोदेकरांनी आज शुक्रवार जिंकला. बडोदेकर खूश झाले. बायकोनं, शलाकानं, चहा आणून ठेवताना विचारलं, "कशाला हसताय?" त्यानं स्क्रीन किंचित वळवला आणि म्हणाला, "काही नाही, आमचं आर्किटेक्ट लोकांचं." स्क्रीन का वळवला, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही.

तीनेक महिन्यांनी भक्ती त्याच्या ऑफिसात आली.

ती बाजव्याकडे एका कंपनीत नोकरी करायची. खुर्चीत बसली, पाणी प्यायली आणि पर्समधून एक कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. ऑफिसच्या प्रिंटरवर काढलेला फोटो, काळापांढरा. खाली गुजराती आणि इंग्रजीतही ओळी जोडलेल्या होत्या, पण पहिली ओळ तीच होती.

"दादा, हे इमेलवर फिरतंय. कंपनीत सगळ्यांना आलंय. बाजूच्या टेबलावरच्या बेननं मला बोलावून दाखवलं, जुओ जुओ, केटलुं फनी. मी पण हसले. आधी मी हसले, दादा. मग बाबांचे हात दिसले."

 धैर्यशीलची नजर कागदावरून उचलेना.

"त्यांना आता कळत नाही फारसं," भक्ती म्हणाली. "तुम्हाला खबर नसेल. दीड वर्ष झालं. डॉक्टर म्हणतात, वाढतच जाईल. मागच्या उन्हाळ्यात भर दुपारी निघाले, दांडिया बाजारच्या घरी जातो म्हणून. हायवेवर सापडले, ट्रकांच्या मध्ये. मग मी त्यांना घरात कोंडून नोकरीवर जायला लागले. कौशल्याबेन असते दिवसभर त्यांना सांभाळायला, पण तिला आवरत नाहीत. आतून दारावर डोकं आपटायचे. एकच घोकायचे, मला ओटल्यावर बसू दे. म्हणून जाळी लावली. आता सकाळपासून तिथंच असतात, शांतीनं. शाळेत जाणारी पोरं 'सर, केम छो' म्हणून जातात, त्याचंच त्यांना भारी."

जाळीनं ओटला कोंडला नव्हता, वाचवला होता. त्यानं बांधलेल्या घरातली माणसं त्याच्यापेक्षा त्या घराला जास्त जागली होती. एवढं कळायला धैर्यशीलला रस्ता ओलांडून कडी काढायची होती, बस.

"तुम्हाला कंप्युटरमधलं कळतं," भक्ती पुढे म्हणाली. "हे कुणी टाकलं ते शोधून काढा ने. मला भांडायचं नाही. फक्त त्याला एकदा घरी आणून बाबांसमोर बसवायचं आहे. आणि दुसरं काम तुमच्या लाइनचं. जाळीला असं काही करा की रस्त्यावरून बाबा दिसणार नाहीत, पण बाबांना रस्ता दिसला पाहिजे. होईल?"

"होईल," तो म्हणाला. दोन्हीपैकी कशाला होईल म्हणाला ते तिनं विचारलं नाही.

ती गेली. लाज आपल्याला कानात लागते हे त्याला तेव्हा कळलं. दोन्ही कान तापून भाजत होते. त्याच संध्याकाळी त्यानं ओटल्यावरून तो फोटो काढून टाकायला लावला. कारण दिलं, क्लायंटला आवडलं नाही. सगळ्यांनी 'अरेरे' म्हटलं आणि पुढच्या शुक्रवारच्या गमतीला लागले. पण निरुपमाचा फोन आला. तिला अर्धवट कारण चालत नसे, जिन्यात नाही आणि बोलण्यातही नाही. त्यानं तिला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "दाणे टाकू नयेत, हे मी लिहिलं होतं." आणि मग, "तू तिला सांगितलंस?"

"सांगतो."

"सांगतो नको, बडोदेकर. सांग."

सांगणं सोपं असतं तर माणसं तीर्थाला कशाला गेली असती? धैर्यशील रविवारी तरसालीला गेला तो टेप आणि पॅड घेऊन. भक्ती भाजी आणायला खंडेराव मार्केटात गेली होती. कौशल्याबेननं कडी काढली. गोविंदराव ओटल्यावर बसले होते, स्वच्छ दाढी केलेले. त्याला पाहताच हसले. "ये, ये. हा आमचा धैर्यशील," त्यांनी कौशल्याबेनला सांगितलं, "घरचाच आहे." तिचं नाव त्यांना आठवत नव्हतं. याचं आठवत होतं.

त्यानं मापं घेतली. कौशल्याबेन आत गेल्यावर तो त्यांच्याशेजारी टेकला आणि हळूच म्हणाला, "सर, तुमचा एक फोटो काढला होता मी. रस्त्यावरून. लोकांना दाखवला. लोक हसले. माझं चुकलं."

गोविंदरावांनी त्याच्याकडे पाहिलं, जसं वर्गात पाहायचे. "नकाशात दिशा दाखवायची विसरलास का?"

"तसंच काहीसं, सर."

"चालायचं. पुढच्या वेळी दाखव." आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

काय हलकं वाटलं त्याला! इतकं हलकं, की पुढच्या रविवारी तो पुन्हा गेला, भक्ती देवळात असते ती वेळ साधून, आणि पुन्हा सांगितलं. गोविंदरावांनी पुन्हा नव्यानं ऐकलं, पुन्हा माफ केलं. तिसऱ्या रविवारीही तेच. ज्याच्या लक्षात काही राहत नाही त्याच्याजवळ कबुली द्यायची आणि पाठीवर हात घेऊन घरी यायचं, याला कबुली म्हणत नाहीत, याला फुकटात गंगा म्हणतात. हे त्यालाही कळत होतं. निरुपमाचा फोन आला की "सांगितलं," म्हणायचा, "सरांना सांगितलं." ती विचारायची, "आणि मुलीला?" की लाइन खराब व्हायची.

काम मात्र तो जीव ओतून करत होता, असा जीव ओतून त्यानं गेल्या कित्येक वर्षांत काही काढलं नव्हतं. जाळीच्या जागी लाकडाच्या उभ्या फळ्या, सगळ्या एकाच बाजूला तिरक्या. समोरून पाहणाऱ्याला नुसतं लाकूड दिसेल. आत बसलेल्याला फटींतून गल्लीचं टोक दिसेल, जिथून शाळेची पोरं येतात आणि संध्याकाळी भक्तीची स्कूटर वळते. ओटल्याचा एक हातभर तुकडा फळ्यांच्या बाहेर ठेवला होता, येणाऱ्याजाणाऱ्याला टेकायला. आत सर, बाहेर पाहुणा, मधल्या फटीतून बोलणं.

कागद दाखवायला गेला त्या रविवारी भक्ती घरी होती. तिनं नकाशा गुडघ्यावर पसरून निरखला. फळ्या तिरक्या का ते त्यानं सांगितल्यावर तिचे डोळे भरून आले. "दादा, घरच्या माणसालाच असं सुचतं," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

गोविंदराव जाळीला टेकून बसले होते. ते एकदम, स्पष्ट आवाजात म्हणाले, "फोटो यानं काढला."

भक्ती दारात थांबली. "काय बाबा?"

"माझा फोटो. रस्त्यावरून. यानं काढला. लोक हसले." बोट धैर्यशीलकडे होतं.

इतक्या रविवारांतून एवढं एक त्यांच्यात कुठंतरी उरलं होतं. पाठ करून घेतलं की मठ्ठ पोरालाही येतं, असं ते वर्गात म्हणायचे. धैर्यशीलनंच पाठ करून घेतलं होतं.

भक्तीचा चेहरा लाल झाला. "दादा, मनावर घेऊ नका. हे हल्ली काहीही बोलतात. परवा कौशल्याबेनवर चमचे चोरल्याचा आळ घेतला." मग ती वडिलांकडे वळली, आणि लाजेनं तिचा आवाज चढला. "बाबा, असं बोलतात का? ज्यांनी घर बांधून दिलं, दर रविवारी तुमच्यासाठी येतात, त्यांना? तुम्ही सर आहात ना? चूक झाली म्हणा त्यांना."

गोविंदरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग धैर्यशीलकडे. बोट खाली आलं. आपलं काहीतरी चुकलंय, काय ते कळत नाही, असा चेहरा झाला त्यांचा. आणि सहावी ब ला ज्यांच्या नुसत्या पावलांनी धाक बसायचा त्या गोविंदरावांनी धैर्यशीलपुढे दोन्ही हात जोडले. "चुकलं हो माझं," ते म्हणाले. "पुन्हा नाही बोलणार."

धैर्यशीलला वाटलं, हा ओटला आता दुभंगावा. गप्प राहिलं की सुटत होता. भक्ती चहा आणणार होती, फळ्या लागणार होत्या, आणि या घरात सर खोटं बोलतात हे एकदा ठरलं की कायमचं ठरणार होतं.

"भक्ती," तो म्हणाला, "सर खरं बोलतायत. फोटो मी काढला. खालची ओळ पण माझीच."

 गुडघ्यावरून उचललेला नकाशा तिच्या हातात होता.

"सर त्यात दिसतायत हे मला माहीत होतं," तो म्हणाला. निदान एवढं तरी पुरं सांगायचं त्यानं ठरवलं होतं. "कापता आलं असतं. मी कापलं नाही."

भक्ती त्याच्याकडे आली नाही. ती वडिलांपुढे खाली बसली, त्यांचे जोडलेले हात तिनं हळूहळू सोडवले आणि आपल्या हातात धरले. "बाबा, तुम्ही बरोबर होतात. माझं चुकलं. तुम्ही पाहिजे ते बोला, हां?" ती रडत होती. गोविंदराव तिचे डोळे बंडीच्या टोकानं पुसू लागले.

बऱ्याच वेळानं ती उठली. नकाशाची नीट घडी घातली. आवाज साधा होता, कुणाही परक्याशी बोलावा तसा.

"जगतापसाहेब, हा नकाशा मी ठेवून घेते. बाबांसाठी चांगला आहे. सुतार मी बघेन. तुम्हाला यायची गरज नाही."

'दादा' गेला होता. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. शिव्या घरच्याला देतात. "बरं," तो म्हणाला. टेप खिशात टाकला, बाहेर आला आणि जाळीची कडी स्वतःच लावली, कारण ती लावावीच लागायची.

गाडी रस्त्याच्या पलीकडे होती, त्या दिवशी होती तिथंच. किल्ली लावताना त्यानं वर पाहिलं. बंडी, जाळी, जाळीवरचे दोन हात, सगळं जसंच्या तसं. फक्त आता चेहऱ्यावर ऊन होतं.

"अरे, धैर्यशील," गोविंदरावांनी तिथून हाक मारली, "आल्या पावली चाललास? टेक ना ओटल्यावर."

भक्ती त्यांच्या मागे उभी होती. ती काही बोलली नाही, आणि धैर्यशील गाडी ढकलतच गल्लीच्या टोकापर्यंत गेला.